कबनूर डाव्या बाजूला दिसतं

विमानात कुठल्या बाजूला बसावं, हे मला आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच. दोष माझाच आहे. गेली काही वर्षं या ब्लॉगवर मी खिडकीच्या जागेचं इतकं पुराण लावलंय की ओळखीतली माणसं तिकीट काढायच्या आधी मला फोन करतात. लेहला जाताना कुठली बाजू, गोव्याला उतरताना कुठली, सकाळच्या विमानात ऊन कुठून येतं, सगळं तोंडपाठ. आणि खरं सांगतो, असा फोन आला की मी जरा फुगतो.

ही पोस्ट मात्र मिरवायची नाही. कोल्हापूर-मुंबई-कोल्हापूर असा तीन दिवसांचा साधा प्रवास आहे. रस्ते, जेवण, खर्च हे सगळं ओघात येईलच, कुणाला उपयोग झाला तर बरंच. पण लिहायला बसलोय ते एका चुकीसाठी. ज्या एका माणसाची खिडकी मला बरोबर निवडता यायला हवी होती, त्याचीच मी चुकवली.

तो माणूस म्हणजे माझे दत्तूमामा. आमचं गाव राधानगरी तालुक्यातलं. गावात सातवीच्या पुढं शाळा नव्हती म्हणून आईनं मला कबनूरला तिच्या भावाकडं ठेवलं. कबनूर इचलकरंजीला इतकं चिकटलेलं आहे की कुठं एक संपतं आणि कुठं दुसरं सुरू होतं ते तिथल्या माणसालाच कळावं. घराघरात यंत्रमाग. मामांच्या घरातही खाली चार माग आणि वर दोन खोल्या. दहावीचा अभ्यास मी त्या खडखडाटात केला, आणि अजूनही अगदी शांत जागी मला झोप येत नाही. मामांना आता ऐकू कमी येतं, म्हणून ते मोठ्यानं बोलतात. तसे आमच्याकडं सगळेच मोठ्यानं बोलतात, त्यामुळे परक्याला फरक कळत नाही.

दोन वर्षांपूर्वी मामांनी माग विकले. विकले म्हणजे भंगारवाला घेऊन गेला. तेव्हापासून दुपारी मामांना काही काम नसतं, मग ते टेरेसवर जाऊन बसतात. साडेचारच्या सुमाराला मुंबईचं विमान उजळाईवाडीला, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावर, उतरायला येतं, ते कबनूरच्या बाजूनं जातं. यंदा दिवाळीच्या पाडव्याला मी गेलो होतो तेव्हा आम्ही दोघं वर बसलो होतो आणि ते आलं.

“रोज ह्याच टायमाला येतंय,” मामा म्हणाले. “त्या पाण्याच्या टाकीच्या पल्याडनं जातंय बघ. आतली माणसं आपल्याला दिसत न्हाईत, पण आतल्यांस्नी आपण दिसत असणार की.”

“दिसत असणार. एवढं खाली आलेलं असतं.”

“संज्या, चाळीस वर्सं झाली ह्या घरात. ईट न् ईट मी वाहिल्या. पण घर अख्खं कसं दिसतंय ते अजून बघितलेलं न्हाई. बोळ केवढा हाय. जरा मागं सरकाय गेलं की समोरच्याच्या भितीला पाठ लागती. एकदा वरनं बघायचं हाय मला.”

मागितलं काय, तर एवढंच. मामांनी मला पाच वर्षं जेवू घातलं, वह्या-पुस्तकं आणली, बारावीनंतर कॉलेजची फी भरली, आणि त्या सगळ्यात आजवर माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. मी त्याच संध्याकाळी दोघांची तिकिटं काढली. मामीला विचारलं तर ती म्हणाली, “मला न्हाई बाबा. मी हाय ती जिमिनीवर बरी हाय. ह्यास्नी ने.”

आता जागांची निवड. इथं मी माझ्या नेहमीच्या चालीवर गेलो, ती आधी सांगतो. कोल्हापूरहून मुंबईला जाणारं विमान साधारण वायव्येला जातं, म्हणजे कोकण आणि समुद्र डावीकडं. येताना तोच समुद्र उजवीकडं. लहान, पंख्याच्या विमानात दोन-दोनच्या रांगा असतात आणि पंख खिडकीच्या वर असतात, त्यामुळे खालचं बघायला आडकाठी नाही. फक्त इंजिनाच्या शेजारच्या रांगा टाळायच्या आणि मागं बसायचं. जागा निवडायचे वेगळे पैसे पडतात, ते देऊन टाकावेत. काचेवर बोटांचे डाग असतात म्हणून खिशात मऊ फडकं ठेवावं. तर जाताना डावीकडची खिडकी मामांना, येताना उजवीकडची, शेजारी मी. दोन्ही वेळा समुद्र मामांच्या बाजूला. मी खूश होतो.

दुसऱ्या दिवशी मामांचा फोन. “कुठल्या अंगाला बसायचं ठरलंय?”

मी सांगितलं.

मामा म्हणाले, “येताना इमान टाकीच्या पल्याडनं जातंय न्हवं? तोंड कोल्लापूरकडं. मग आपलं घर डाव्या अंगाला पडाय पायजे.”

मी हसलो. हे लिहिताना लाज वाटते, पण हसलो. म्हटलं, “मामा, ते घराच्या डोक्यावरूनच जातं. वरून सगळं दिसतं. डावं-उजवं तिथं एवढं नसतं.”

“तसं आसंल तर आसू दे. तुला कळतंय त्यातलं.”

यंत्रमागात डाव्या हाताचा माग असतो आणि उजव्या हाताचा असतो. कामगार दोन्हींच्या मध्ये उभा राहून दोन्हीकडं बघू शकावा म्हणून ते तसे जोडीनं बसवतात. ज्या माणसाचं आयुष्य डाव्या-उजव्याच्या मध्ये उभं राहून गेलं त्याला मी सांगत होतो की डावं-उजवं एवढं नसतं. नकाशा उघडून बघायला मला दोन मिनिटं लागली असती. परक्या माणसांसाठी मी तासन् तास नकाशे बघतो. घरच्या माणसाचं ऐकताना मात्र मला सगळं आधीच माहीत होतं.

निघायचा दिवस शुक्रवार. कबनूरहून उजळाईवाडीला रुकडी-हुपरीच्या अंगानं आतले रस्ते आहेत, पण उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले की त्यांच्या मागं अडकायला होतं, म्हणून आम्ही हातकणंगल्यावरून हायवे धरला. गाडीवाल्यानं आठशे घेतले. पाऊण तास लागतो, तास धरून निघा. मामांनी लग्नाकार्यातला पांढरा शर्ट, पांढरी विजार घातली होती आणि डोक्याला टोपी. मामीनं भाकरी, सुकी चटणी आणि कांदा बांधून दिला होता. बोळातली चार-पाच माणसं सोडायला आली होती. एकजण म्हणाला, “दत्तूतात्या, वरनं थुकू नगा आमच्या अंगावर,” आणि मामा हसत हसत गाडीत बसले.

विमानतळ लहान आणि देखणा आहे, काळ्या दगडाच्या कमानी वगैरे. गर्दी नाही, धावपळ नाही, वयस्क माणसाला पहिल्या प्रवासासाठी यापेक्षा बरी जागा नाही. तपासणीत एक घोटाळा झाला. मामांच्या शर्टाच्या खिशातून एक छोटी कातर निघाली, धागा तोडायची. माग गेले तरी कातर खिशात होतीच. मी शंभर सूचना दिल्या होत्या, खिसे बघायची तेवढी राहिली. जवान मराठीच होता, म्हणाला, “आजोबा, ही ठेवून जावी लागेल.”

“आवो, हिनं काय हुतंय? दोरा तुटतोय नुसता.”

“नियम आहे आजोबा.”

मामांनी कातर ट्रेमध्ये ठेवली आणि नंतर दोन-तीन वेळा रिकामा खिसा चाचपला. मला वाईट वाटलं. पण गंमतही वाटली, आणि मी ती गंमत मनातल्या मनात ब्लॉगसाठी लिहूनही ठेवली. मला ही खोड आहे.

विमान सुरू झालं तसे पुढच्या रांगेतल्या बाईंनी कानात बोळे घातले. मामा मात्र ऐसपैस बसले. “मागाच्या खोलीत बसल्यावानी वाटतंय,” म्हणाले. मग त्यांनी आवाज बंद केला आणि नुसते ओठ हलवून मला विचारलं, भाकरी आताच खायची का. माग चालू असताना कबनूरात सगळे असंच बोलतात. मीही ओठांनीच उत्तर दिलं, थांबा जरा. वीस वर्षांनी आम्ही तसं बोलत होतो आणि मला फार बरं वाटलं.

उडताना मामा काचेला चिकटून होते. “कबनूर?”

“मागं राहिलं मामा. हे पश्चिमेकडं उडालं ना. येताना दिसेल, नक्की.”

नक्की म्हणालो मी.

जातानाचा प्रवास, खोटं का सांगू, सुंदर झाला. डावी बाजू घ्याच. दहा-पंधरा मिनिटांत सह्याद्रीच्या घड्या सुरू होतात, मग कोयनेचं लांबच लांब पाणी, मग एकदम कडा तुटतो आणि खाली कोकण. संध्याकाळचं विमान होतं, खाड्या तांबूस झाल्या होत्या आणि त्यांच्या पलीकडं समुद्र. मी मामांच्या अंगावरून वाकून फोटो काढत होतो. मामा म्हणाले, “समुद्र व्हय त्यो? निस्ता ग्रे कापडावानी दिसतोय.” ग्रे म्हणजे मागावरून उतरलेलं, अजून धुवायचं-रंगवायचं बाकी असलेलं कापड. मी हसलो, तेही हसले, आणि मी ते वाक्यही लिहून ठेवलं.

मुंबईचे दोन दिवस थोडक्यात सांगतो. गिरगावात एका साध्या लॉजवर उतरलो. खोली स्वच्छ होती, लिफ्ट होती, खाली खानावळ. मामांना मुंबईचं जेवण गोड लागलं. आमटीत गूळ लागल्यावर त्यांनी वाढप्याला विचारलं, “पावणं, ह्यात तिखट घालायचं इसरलासा काय?” चौपाटीवर नेलं. मामा पाण्यात घोट्यापर्यंत उभे राहिले आणि पाच मिनिटांनी म्हणाले, “झालं बघून.” खरं मन रमलं ते कापडबाजारात. एका दुकानात त्यांनी शर्टिंगचा ताका, म्हणजे न कापलेलं अखंड कापड, अंगठा आणि बोटात धरून चोळला. दुकानदारानं विचारलं कुठून आलात. इचलकरंजीकडून म्हटल्यावर तो म्हणाला, “मग इथं काय बघता काका, आमच्याकडे तुमच्याकडूनच येतं.” मामांना ते इतकं आवडलं की लॉजवर परत येईपर्यंत त्यांनी ते मला तीनदा सांगितलं.

पण मधूनच ते घरावर यायचे. रविवारी सकाळी चहा पिताना म्हणाले, “आज दिसंल न्हवं? टाकी दिसली की मला सांग. टाकी दिसली म्हंजी मी घर शोधतो.” मामीला फोन करून विमान कधी सुटणार ते त्यांनी स्वतः सांगितलं. पलीकडून मामी काहीतरी विचारत होती आणि मामा “व्हय, व्हय, टायमावर हाय,” म्हणत होते. मला वाटलं संध्याकाळच्या स्वयंपाकाचं असेल.

परतीच्या विमानात आम्ही उजवीकडं बसलो. दुपारची वेळ, आणि त्या वेळेला सगळं ऊन याच बाजूनं आत येतं. हे मला माहीत होतं, तरी समुद्रापायी ही बाजू घेतली होती. मामा डोळ्यांवर हात धरून बसले होते. म्हटलं, झडप अर्धी ओढू का. “नगं, र्‍हाऊ दे. घर चुकंल.” म्हणजे बघा, समुद्राकडं त्यांचं लक्षच नव्हतं. मी मात्र एकेक दाखवत होतो, ही खाडी, तो कडा, ही कोयना. ते “व्हय व्हय” म्हणत होते.

विमान खाली यायला लागलं. पट्टे बांधायची सूचना झाली. मामा काचेला नाक लावून बसले. “टाकी कुठाय?” मी फोनचा कॅमेरा चालू केला. विमान पूर्वेकडं लांब जाऊन उजवीकडं वळायला लागलं, आमच्या बाजूला खाली शेतं आली, हायवे आला, दूरवर जोतिबाचा डोंगर. मी म्हटलं आता येईल. विमान क्षणभर सरळ झालं, आणि मी सहज पलीकडं बघितलं.

पलीकडच्या रांगेत खिडकीशी निळ्या शर्टातला एक माणूस मोबाईलमध्ये मान घालून बसला होता. त्याच्या खांद्यावरून, त्या वीतभर काचेतून, मला क्षणभर पत्र्यांची छपरं दिसली, एकाला एक लागून. लांब-लांब शेड. अशी छपरं आमच्याकडं एकाच ठिकाणी आहेत. मामा बरोबर बोलले होते. टाकीच्या पल्याडनं, तोंड कोल्हापूरकडं, घर डावीकडं. साधा हिशेब होता आणि तो त्यांनी मला फोनवर करून दाखवला होता.

मी त्या माणसाला हाक मारली. “साहेब, जरा मागं टेकता का? यांना घर बघायचंय त्यांचं.” भला माणूस, लगेच मागं सरला. मामांनी पट्टा सोडला आणि अर्धवट उठले. तेवढ्यात हवाईसुंदरी मागच्या खुर्चीवरून जोरात म्हणाली, “काका, खाली बसा. पट्टा लावा.” मामा दचकून बसले. विमान पुन्हा वळायला लागलं, आमच्याकडं कललं, त्यामुळे पलीकडच्या काचेत आता नुसतं आभाळ. मामांनी त्या आभाळाकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि आवाज न काढता ओठांनी विचारलं, “घर?”

तेव्हा मी खरं सांगायला हवं होतं. मामा, माझं चुकलं, तुम्ही म्हणत होता तसंच होतं, एवढंच. मी काय म्हणालो माहीत आहे? मी म्हणालो, “मामा, ते बघा, तुमच्या बाजूला. जोतिबा.” देवाचं नाव घेतल्यावर ते काय करणार? त्यांनी वळून काचेतून हात जोडले. हात खाली येईपर्यंत कबनूर गेलं होतं. चाकं धावपट्टीला टेकली.

गाडी मिळाली, यावेळी सातशेत. हायवेवर आल्यावर मी म्हटलं, “मामा, माझी चूक झाली. डावीकडं बसायला पाहिजे होतं.” त्यांना ऐकू गेलं नाही असं वाटून मी पुन्हा मोठ्यानं म्हटलं.

“ऐकलं की,” ते म्हणाले. “जाऊ दे. पुन्यांदा कवातरी जाऊ, डाव्या अंगाला बसू. इमान काय पळून जातंय?” आणि माझ्या गुडघ्यावर थाप मारली. रुसले नव्हते. थोडे दमलेले दिसत होते. मला हायसं वाटलं, आणि मी मनात ठरवूनही टाकलं की फेब्रुवारीत परत यायचं.

बोळाच्या तोंडाशी गाडी थांबली तर तिथं जत्रा. आमच्या बोळातल्या झाडून सगळ्या बायका, पुरुष, शेजारचा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा मिस्त्री, सगळे उभे. सगळ्यात पुढं मामी. तोंड उन्हानं लाल झालेलं, हातांना विटांची भुकटी. आम्ही खाली पाय ठेवायच्या आत तिनं विचारलं, “दिसलं का?”

मामा बघतच राहिले. “काय?”

“आवो काय म्हंजी? ताका.”

मग सगळे एकदम बोलायला लागले आणि त्यातून आम्हाला कळलं ते असं. माग विकायच्या आधी मामांच्या मागावरून जो शेवटचा ताका उतरला, तो मामीनं व्यापाऱ्याला दिला नव्हता. ट्रंकेत ठेवला होता. मामांना घर ओळखू यावं म्हणून तिनं तो बाहेर काढला आणि बारा वाजल्यापासून टेरेसवर अंथरायला घेतला. ताका केवढा, टेरेस केवढं. आमची घरं एकाला एक लागून, मग शेजारचं टेरेस घेतलं, मग त्याच्या पलीकडचं. तीन टेरेसांवरून उन्हात पांढराशुभ्र दिसणारा पट्टा सरळ गेलेला, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून दोन्ही कडांना विटा, पाण्याच्या कळशा, कुणाचे पाटे. विमान दिसल्यावर अख्खा बोळ वर चढून हात हलवत होता.

“एवढा पट्टा बघून पायलट हितंच उतरवायचा की काय असं झालतं,” जॉबर म्हणाला, आणि सगळे हसले.

मामी हसली नाही. ती मामांच्या तोंडाकडं बघत होती. “दिसलं का न्हाई?”

मामांनी एकदा माझ्याकडं बघितलं. माझ्या हातात दोन्ही पिशव्या होत्या. मी खरंच बोलणार होतो. पण मामाच बोलले.

“दिसलं की. न दिसाय काय झालं? पांढरंफेक.”

“आन् मी?”

“तू बी दिसलीस. पदर हालवत हुतीस.”

“पदर कुठला? टावेल हुता माझ्या हातात.”

“एवढ्या वरनं पदर काय आन् टावेल काय, सारखंच की,” मामा म्हणाले, आणि बोळभर हशा पिकला. मामीनं तोंडाला पदर लावला. चाळीस वर्षांत नवऱ्यानं तिला अशी चारचौघांत कधी ओळख दिली नसेल.

नंतर ताका गोळा करायला आम्ही वर गेलो. मी एका टोकाला, मामा दुसऱ्या. विटांच्या तांबड्या खुणा पडल्या होत्या कापडावर, जागोजागी. मी म्हटलं, “मामा, मी मामीला खरं सांगतो. चूक माझी आहे, तुमची नाही.”

“गप बस,” मामा म्हणाले. त्यांचा आवाज एरवीसारखा मोठा नव्हता. “बाई बारापासनं उनात हुती. तिला काय सांगतोस आता? ह्ये सगळं इमानानं बघितलं आन् मालकानं बघितलं न्हाई, आसं सांगतोस?”

मी घडी घालत राहिलो. त्या टेरेसवरून, जवळून, तो पट्टा इतका लख्ख दिसत होता की आंधळ्यालाही चुकला नसता. निळ्या शर्टवाल्यानं मान वर केली असती तर त्यालाही दिसला असता. डावीकडं बसलेल्या सगळ्यांना दिसला असणार.

या गोष्टीला आता तीन महिने झाले. फेब्रुवारीत मी ठरवल्याप्रमाणे मामांकडं गेलो. म्हटलं, चला, तिकिटं काढतो, डावीकडच्या खिडकीची. मामा खाली उंबऱ्यावर बसले होते. त्यांनी आत स्वयंपाकघराकडं बघितलं आणि मान हलवली.

“आता काय म्हणून जाऊ? बघितलंय की मी.”

मामीनं आतून ऐकलंच. “कशाला उगंच पैसं घालवतोस रं? ह्यास्नी एकदा बघून झालंय. दुसऱ्यांदा काय येगळं दिसणार हाय?”

तोवर हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. एकदा दिसलं म्हटल्यावर पुन्हा बघायला जायचं कारणच उरत नाही. मामांनी मला सांभाळून घेतलं, मामीचं मन राखलं, आणि त्या एका वाक्यात स्वतःची परतीची वाट बंद करून टाकली. मी त्यांना हिमालय दाखवू शकतो, समुद्र पुन्हा दाखवू शकतो, पण त्यांना जे एक बघायचं होतं ते आता दाखवता येत नाही.

ब्लॉगवरची जागांची जुनी माहिती मी काढून टाकलेली नाही, ती चुकीची नाहीच. कोल्हापूरहून मुंबईला जाताना डावीकडं बसा, संध्याकाळच्या विमानात खाड्या फार छान दिसतात. येताना समुद्र हवा असेल तर उजवीकडं. फक्त कुणाला घेऊन जात असाल तर त्यांना काय बघायचंय ते आधी विचारा, आणि विचारलंत तर ते सांगतील ते ऐका. मामांनी तर मी न विचारताच सांगितलं होतं, तरी मी ऐकलं नाही.

परवा मामांकडं माणगावचे पाहुणे आले होते, मीही होतो. चहा झाला, बोलता बोलता विमानाचा विषय निघाला. मामा सांगायला लागले. आता त्यांचं सांगणं तयार झालंय. आधी टाकी दिसते, मग शाळेचं मैदान, मग आपला बोळ, सुतासारखा बारीक, आणि मग घर. घर कसं दिसलं ते मामा फार सावकाश सांगतात. पुढची बाजू जरा रुंद, मागं निमुळतं होत गेलंय, जिन्याची पेटी एका कोपऱ्यात, आणि वर सगळं पांढरं. मामी दारात उभी राहून ऐकत होती, दरवेळी ऐकते तशी.

पाहुण्यांना पटेना. “एवढ्या वरनं घर वळखू येतंय व्हय? काय बी सांगतासा.”

“आवो, खोटं कशाला सांगू? ह्यो शेजारीच हुता माझ्या,” मामा म्हणाले आणि माझ्याकडं बोट केलं. “इचारा की ह्याला.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मामीही.

“हो,” मी म्हटलं. “अगदी स्पष्ट दिसत होतं.”